सोळा किलोंचं हरीण आणि पाच लिटरचा कुकर

आयुष्यातली पहिली रायफल मी प्रेशर कुकर घ्यावा तशी घेतली. हे एकदा लिहून टाकलं, म्हणजे पुढचं सगळं फारसं समजावून सांगावं लागणार नाही.

कुकरच्या बाबतीत आमच्या घराण्यात एकच नियम. घरात माणसं दोन असली तरी पाच लिटरचा घ्यायचा. पाहुणे आले तर? शाळेचा फ्रॉक दोन बोटं सैल, चपला एक नंबर मोठ्या, डाळीचा डबा असा की त्यात लहान मूल बसावं. हा नियम मी कोल्हापुरातून बरोबर घेऊन ग्लासगोला आले. इथे भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी केली, ती सगळी वर्षं मात्र हा नियम ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, बुटांच्या कपाटात ठेवून आत जावं लागे. कारण आतला नियम उलटा होता. पेशंटचं वजन विचारल्याशिवाय सिरिंजला हात लावायचा नाही. इतक्या किलोला इतकं. जास्त नाही, कमी नाही, पाहुणे आले तरी नाही.

मग मी रिटायर झाले आणि बुटांच्या कपाटातला तो नियम माझ्याबरोबर घरी परत आला.

साठी उलटल्यावर आम्ही शहराच्या दक्षिणेला, तासाभरावर, एक दगडी घर घेतलं. आमचे हे लहान मुलांचे डॉक्टर, तेही रिटायर झालेले. त्यांना पुस्तकं होती, क्रिकेट होतं, दुपारची झोप होती. मला काही नव्हतं. काल-परवापर्यंत लोक आपला श्वास माझ्या हातात सोपवून झोपत होते. आणि आता मराठी मंडळाने मला कोशिंबिरीवर नेमलं होतं. तीही चिरायची नाही, नुसती ढवळायची. “काकू, तुम्ही बसा हो, आम्ही बघतो ना,” असं ती आयटीतली चाळिशीची मुलं प्रेमाने म्हणायची. मी बसायचे. मला बसण्याचा इतका राग येऊ शकतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणून घरामागच्या जमिनीत झाडं लावली. सफरचंद, हेझल, लाल फळांची रोवन. आणि मग हरणं आली.

रो नावाची ही हरणं उंचीला आपल्याकडच्या शेळीएवढी आणि चेहऱ्याने अशी निष्पाप की चोरी डोळ्यांदेखत चालली असली तरी आपल्यालाच अपराधी वाटावं. रोपांचे शेंडे रोज सकाळी कापल्यासारखे साफ. कुणी सांगितलं म्हणून मी फांद्यांना साबणाच्या वड्या टांगल्या. मग ह्यांचे घामट शर्ट टांगले. शेवटी माहेरचा वारसा म्हणून लाल मिरचीचं पाणी करून फवारलं. त्याने एवढंच झालं की हरणांच्या जेवणाला चव आली.

आमच्या जमिनीला लागून एक जंगल होतं. त्याची मालकीण गणिताची निवृत्त शिक्षिका. सत्तरीच्या, एकट्या, खूप उंच, आणि बरोबर एक काळी लॅब्रॅडोर कुत्री. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. माझी जीभ त्यांच्यापुढे काही वळेना. मनात मी त्यांना ‘बाई’ म्हणायचे आणि प्रत्यक्षात काहीच हाक न मारता समोर जाऊन उभी राहायचे. त्यांना वाटत असावं की ही भारतीय पद्धत आहे.

बाई दर हिवाळ्यात आपल्या जंगलातली काही हरणं मारत. शौक म्हणून नाही. या देशातले लांडगे माणसाने कधीच संपवले, आता हरणांना खाणारं कुणी उरलेलं नाही, आणि हरणं वाढली की जंगल वाढत नाही, हे त्या फळ्यावर गणित सोडवावं तशा सांगत. मारलेलं हरीण त्या स्वतः खात, उरलेलं शेजाऱ्यांना देत.

मी विचारलं, “मला शिकवाल?”

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. डोकं लवकरच आलं.

“शिकवीन. चूक झाली तरी चालेल, सगळ्यांकडून होते. पण जनावर जखमी करून माझ्याशी कुणी खोटं बोललं, तर तो माणूस माझ्या जंगलात परत येत नाही.” मग त्या म्हणाल्या, “माझा सख्खा भाऊ येत नाही.”

पोलिसांनी परवाना दिला, पण नवशिक्या माणसाला घालतात ती अट घालून: अनुभवी माणूस बरोबर असेल तरच शिकारीला जायचं, आणि तो माणूस जोपर्यंत ‘हिला आता एकटीला सोडायला हरकत नाही’ म्हणत नाही, तोपर्यंत असंच. माझा अनुभवी माणूस म्हणजे बाई. आसपास दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी फाटक बंद केलं, की रायफल लोखंडी कपाटात आणि मी कोशिंबिरीवर.

आता कॅलिबरचं सांगते. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचाच्या अपूर्णांकात. बाईंची रायफल होती टू-फोर-थ्री, म्हणजे पाव इंचाला जराशी कमी. त्यांनी मलाही तीच घ्यायला सांगितलं. रो हरणाला भरपूर होते, योग्य काडतूस घातलं तर डोंगरावरच्या मोठ्या लाल हरणालाही कायद्याने चालते, इंग्लंडमध्ये गेलात तर तिथेही चालते, आणि खांद्याला धक्का कमी. इतकं स्पष्ट उत्तर समोर असताना माणसाने काय करावं? मी दुकानात गेले.

दुकानदार सज्जन होता. त्यानेही पहिली टू-फोर-थ्रीच पुढे ठेवली. “मॅडम, रोसाठी ही पुरे.”

“पुरे म्हणजे किती पुरे?”

“हरीण मरतं, तेवढी पुरे.”

“आणि याहून मोठी?”

तो म्हणाला, “मोठी आहे. पण तुम्हाला ही झेपेल.”

झालं. ज्या बाईला थिएटरात नव्या सर्जनांनी कित्येकदा ‘सिस्टर, डॉक्टर कुठे आहेत?’ विचारलं आहे, तिला ‘झेपेल’ हा शब्द वापरू नये. मी थर्टी-ऑट-सिक्स मागितली. गोळीच्या रुंदीत म्हणाल तर दोन्हींमध्ये आंबेमोहोराच्या दाण्याच्या जाडीएवढाच फरक. पण त्या दाण्यामागे दारू किती जास्त भरलेली असते, ते मी विचारलं नाही. उलट, आता वय झालं, ओझं नको, म्हणून त्यातल्या त्यात सगळ्यात हलकी रायफल निवडली. पुढे लावायचा सायलेन्सर तो देऊ करत होता, त्याने धक्का कमी होतो म्हणाला. मी म्हटलं नको, वजन वाढेल. शिवाय सायलेन्सर मी फक्त सिनेमातल्या खलनायकांकडे पाहिला होता.

गोळी जितकी जोरात पुढे जाते, तितकीच रायफल मागे येते, आणि रायफल जितकी हलकी तितकी ती जास्त जोरात येते. हे मी अकरावीत शिकले होते. त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

घरी ह्यांनी रायफल पाहिली, मग काडतूस हातात घेऊन पाहिलं.

“अगं, राधानगरीहून गवा येणार आहे का आपल्याकडे?”

“अहो, पुढेमागे मोठं हरीण मारायचा योग आला तर?”

“म्हणजे पाहुणे.”

“हो, पाहुणे.”

ह्यांनी काडतूस खाली ठेवलं आणि क्रिकेट लावलं.

बाईंनी रायफल एका हातात तोलून पाहिली आणि म्हणाल्या, “हलकी आहे.” मला ते कौतुक वाटलं. त्या शिक्षिका होत्या, मूल पडल्याशिवाय शिकत नाही यावर त्यांचा विश्वास असावा.

सरावाची जागा म्हणजे त्यांच्या जंगलामागची जुनी दगडांची खाण. ऑगस्टचा शेवट. मी पालथी पडले, दस्ता खांद्याला लावला, वरच्या दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवला, कारण जवळून जास्त दिसतं अशी माझी समजूत होती, आणि चाप ओढला.

समोर लावलेल्या निशाणाच्या कागदाचं काय झालं मला ठाऊक नाही. रायफल मागे आली, दुर्बिणीची गोल कडा माझ्या उजव्या भुवईवर आदळली, आणि थोड्या वेळाने गालावरून काहीतरी ऊन ऊन ओघळलं. बाईंनी चहाच्या किटलीचं फडकं दिलं. वाकून जखम पाहिली.

“खोल नाही. डोळा चार बोटं मागे ठेवायचा. पुन्हा.”

घरी ह्यांनी जखम सांधली. जन्मभर पोरांचेच गुडघे सांधलेले, त्यामुळे हात हलका होता. झाल्यावर खिशातून डायनासोरचा स्टिकर काढून माझ्या ब्लाउजला लावला. “शूर मुलांना देतो,” म्हणाले.

जखमेची खपली धरली ती अचूक चंद्रकोरीची. मंडळाच्या गणपतीला मी नऊवारी नेसून गेले, तर एक मैत्रीण लांबूनच म्हणाली, “अगं, तुझी चंद्रकोर घसरलीय भुवईवर.”

“घसरली नाही. तिकडेच लावलीय.”

“तिकडे?”

“मधोमध सगळ्याच लावतात.”

पुढच्या आरतीला दोन तरुण मुली टिकली एका बाजूला लावून आल्या होत्या, असं मला अजून वाटतं. हे म्हणतात, तो माझा भास.

तो व्रण अजून आहे. लंडनच्या हाउन्सलोमधली माझी नात त्यावर बोट फिरवून विचारते, “आजी, हा कोणी केला?” तिला मी आजवर मगर, समुद्री चाचे आणि एक रागीट सर्जन अशी उत्तरं दिली आहेत. तिने एकदाच नेमका प्रश्न विचारला: “आजी, जे हरीण तू मारला, त्याला दुखला का?” तेव्हा मी तिला खीर वाढली.

कारण त्याचं उत्तर या पुढच्या भागात आहे.

त्या पहिल्या धक्क्यानंतर माझ्या डोळ्याने स्वतःपुरता एक निर्णय घेतला. चाप ओढायच्या किंचित आधी तो मिटू लागला. मी त्याला विचारलं नव्हतं, त्याने मला सांगितलं नव्हतं. खांदा निळा, मग हिरवा, मग पिवळा. बाईंना हे सांगायचं म्हणजे दुकानदार बरोबर होता, हेही सांगायचं. त्यापेक्षा मी माळ्यावरून मुलाचं जुनं दुपटं काढलं, माझ्या आईने लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेलं, त्यावर पोपट. त्याची चौघडी करून, कोटाच्या आत, खांद्यापाशी सेफ्टी पिनांनी लावून टाकली. या देशात रायफलीच्या धक्क्यासाठी खास रबरी गाद्या मिळतात. आपल्याकडे दुखऱ्या जागी दुपटं.

दुपट्याने फरक पडला. चांगल्या दिवशी तिन्ही गोळ्या बशीएवढ्या गोलात बसायच्या. वाईट दिवशी मी वाऱ्याला दोष द्यायचे. बाई वाऱ्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, आणि कागद बदलायच्या. ऑपरेशन थिएटरात एखाद्या शिकाऊ डॉक्टरने आपला हात थरथरतो हे असं लपवलं असतं, तर मी त्याला त्या दिवसापुरतं बाहेर काढलं असतं. मला स्वतःला बाहेर काढायला कुणी नव्हतं, आणि मी काही स्वतःहून जाणार नव्हते.

नोव्हेंबरच्या एका सकाळी बाई म्हणाल्या, “आज मचाणावर.”

दोन माणसं कशीबशी बसतील असं लाकडी मचाण, खाली मोकळं गवत, पलीकडे स्प्रूसची दाट झाडी. कुत्री शिडीच्या पायथ्याशी.  बोटं गार, दुपट्याखालचा खांदा तेवढा उबदार. उजाडल्यावर झाडीतून एक मादी बाहेर आली. एकटीच. दोन पावलं चालायची, मान वर करायची, पुन्हा चरायची. ती माझीच रोपं खाऊन आली असणार, असा विचार करून मी रागावण्याचा प्रयत्न केला. राग आला नाही.

ती आडवी उभी राहिली. बाई कुजबुजल्या, “आता.”

डोळा मिटला.

उघडला तेव्हा मादी पाठ वाकवून झाडीत शिरत होती. मागचा एक पाय जमिनीला लागत नव्हता.

बाईंनी माझा हात धरला. “थांबायचं.” लगेच मागे लागलं तर जखमी जनावर जीव तोडून पळत राहतं, थांबलं तर जवळच कुठेतरी बसतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. बाईंनी थर्मासमधून चहा ओतून दिला. तो मी हातात धरून बसले. तो गार होईपर्यंत जी शांतता होती, ती मला ओळखीची होती. थिएटरात मॉनिटरचा आवाज बदलला, की सगळे बोलायचे थांबतात, तशी.

मग आम्ही उतरलो. दोरी लावलेली कुत्री पुढे, बाई तिच्या मागे आपली रायफल घेऊन, मी सगळ्यांत शेवटी, रिकाम्या हातांनी. माझी रायफल बाईंनी मोकळी करून मचाणावरच ठेवली होती. पानांवर रक्ताचे थेंब. झाडीत एका ओहोळाच्या काठी मादी बसलेली होती. तिने आमच्याकडे पाहिलं. बाईंनी कुत्रीला बसवलं, सायलेन्सर लावलेली आपली टू-फोर-थ्री उचलली, आणि जाड पुस्तक टेबलावर आपटावं तेवढा आवाज झाला. मादीची मान खाली गेली. एवढंच. पुरे म्हणजे किती पुरे, ते मला तिथे दिसलं.

बाईंनी तिचे डोळे बोटाने तपासले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “डोळा मिटला होता?”

थंडीने बोट आखडलं, मध्ये फांदी आली, वारा होता, ही तिन्ही कारणं माझ्या तोंडात रांगेत उभी होती. वारा अजिबात नव्हता. स्प्रूसचं टोकसुद्धा हलत नव्हतं. मला बाईंचा भाऊ आठवला, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

“मिटला. आणि आज पहिल्यांदा नाही. ऑगस्टपासून मिटतोय.”

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की संपलं म्हणून, ते कळलं नाही. पोट साफ करण्याचं काम त्यांनी तिथेच केलं, मी पाय धरले. मग दोघींनी मिळून मादी ओढत शेडपर्यंत आणली. वाटभर मी मनातल्या मनात कोशिंबीर ढवळत होते.

शेडमध्ये छताला एक ताणकाटा टांगलेला असतो. बाई प्रत्येक हरणाचं वजन करतात. मादी आकड्याला लावली. मागच्या मांडीचं मांस काळंनिळं होऊन फुटलेलं, खाण्यालायक उरलेलं नव्हतं.

“वाचा,” बाई म्हणाल्या.

“सोळा किलो.”

“रोसाठी चांगलं वजन आहे. तुमची सफरचंदं.” मग त्यांनी सुरी पुसत विचारलं, “सोळा किलोच्या पेशंटला तुम्ही भूल किती देता?”

मी सांगितली. औषधाच्या नावासकट, मिलिग्रॅममध्ये. इतक्या वर्षांची सवय; तोंडातून आपोआप बाहेर पडली. सोळा किलो म्हणजे चार वर्षांचं मूल. अशा मुलासाठी मी आकडा दोनदा मोजायचे, मग नर्सला मोजायला लावायचे.

“आणि गोळी?”

 मी नळाकडे वळले. हात कोपरापर्यंत भरले होते, म्हणून धुवायला कोट काढला. सेफ्टी पिना त्या सकाळच्या ओढाताणीत कधीतरी निसटल्या असाव्यात. दुपटं सिमेंटच्या जमिनीवर पडलं, पोपटांची बाजू वर.

पाणी वाहत राहिलं. कुत्रीने येऊन दुपट्याचा वास घेतला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्या खांद्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते ती एकाच वाक्याची, आणि ते वाक्य ऐकायची तयारीही झाली होती. त्यांनी वाकून दुपटं उचललं, झटकलं, नीट चौघडी घालून माझ्या ओल्या हातांवर ठेवलं आणि म्हणाल्या:

“म्हणजे गाठ नव्हती. सप्टेंबरपासून मी तुमच्या खांद्याकडे बघतेय आणि विचारावं की नाही ते ठरवतेय. म्हटलं, स्वतः डॉक्टर आहेत, त्यांना ठाऊक असेलच. सोमवारी उजाडताना या. माझी टू-फोर-थ्री वापरा. आणि हे अंथरूण घरी ठेवा.”